परदेशी जाण्यापूर्वी करांचा हिशेब : घोडबंदरचे घर ३१ मार्चपूर्वी विकावे की नंतर?

कासारवडवली (धागाकर्ती)

नमस्कार. माझ्या यजमानांना ब्रिटनमधील नोकरीचा प्रस्ताव आला आहे. रुजू होण्याची तारीख जुलै ते ऑक्टोबर २०२६ यांच्या दरम्यान ठरवण्याची मुभा कंपनीने दिली आहे. आम्ही दोघे आणि मुलगी असे जाणार असून किमान पाच-सहा वर्षे तिकडे राहण्याचा विचार आहे. सध्या आम्ही नौपाड्यात सासरच्या घरी राहतो. घोडबंदर रस्त्यावरील आमच्या दोघांच्या नावावरचे दोन खोल्यांचे घर गेली आठ वर्षे भाड्याने दिलेले आहे आणि आता ते विकायचे आहे.

पगार, शाळा आणि तिकडचे घरभाडे यांचा हिशेब आम्ही डिसेंबरपासून करत होतो. कराचा विषय मात्र "गेल्यावर बघू" म्हणून बाजूला ठेवला होता. मागच्या रविवारी पत्र्याच्या पेटीतून घराचे कागद काढले. २०१०-११ या आर्थिक वर्षातला करारनामा, मुद्रांक शुल्काची आणि नोंदणीची पावती असे सगळे हाताशी घेऊन बसले, आणि हा विषय मागे ठेवण्यासारखा नाही हे माझ्या लक्षात आले.

घराची किंमत, मुद्रांक शुल्क आणि नोंदणी धरून आमचा खर्च ४८ लाख रुपये झाला होता. आज १ कोटी २० लाख देणारा ग्राहक आहे. २३ जुलै २०२४ पासून घराच्या दीर्घ मुदतीच्या भांडवली नफ्यावर १२.५ टक्के कर लागतो आणि महागाई निर्देशांकाचा लाभ मिळत नाही. त्या हिशेबाने ७२ लाखांच्या नफ्यावर ९ लाख रुपये कर होतो. त्या तारखेपूर्वी घेतलेल्या घरासाठी निवासी व्यक्तीला जुना पर्यायही खुला आहे, म्हणजे निर्देशांकाने वाढवलेली खरेदी किंमत वजा करून उरलेल्या नफ्यावर २० टक्के. निर्देशांक २०१०-११ साठी १६७ आणि २०२५-२६ साठी ३७६ आहे, म्हणून आमचे ४८ लाख सुमारे १ कोटी ८ लाख ७ हजार होतात. नफा ११ लाख ९३ हजार आणि कर साधारण २ लाख ३९ हजार. अधिभार आणि उपकर दोन्हीकडे वेगळे.

हा पर्याय अनिवासी भारतीयांना नाही. त्यामुळे एकाच घरावर, एकाच किमतीला, केवळ आमचा दर्जा बदलल्याने ६ लाख ६१ हजारांचा फरक पडतो आणि तो मुलीच्या तिकडच्या पहिल्या वर्षाच्या तयारीचा पैसा आहे. माझी समजूत अशी की आम्ही जुलैच्या मध्यापर्यंत ठाण्यातच आहोत, तेव्हा मे महिन्यात घर विकले तरी निवासी म्हणूनच विकले जाईल. ही समजूत बरोबर आहे का? विक्रीची आणि जाण्याची तारीख एकमेकींशी कशी जुळवावी, याबद्दल अनुभव असलेल्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

सेक्टर सतरा

मी वाशीत गेली बावीस वर्षे करसल्लागार म्हणून काम करतो. ताई, तुमची आकडेमोड बरोबर आहे, समजूत मात्र चुकीची आहे, आणि ही चूक मी दरवर्षी पाहतो.

आपल्याकडे निवासी की अनिवासी हा दर्जा संपूर्ण आर्थिक वर्षासाठी ठरतो. विमानात बसण्याच्या दिवसापर्यंत निवासी आणि त्यानंतर अनिवासी, अशी वर्षाची फाळणी आपला आयकर कायदा करत नाही. तुमचे यजमान भारतीय नागरिक असून नोकरीसाठी देश सोडत आहेत, त्यामुळे त्यांच्यासाठी १८२ दिवसांची अट लागू होते, म्हणजे त्या वर्षात किमान १८२ दिवस भारतात राहिले तरच ते निवासी. १ एप्रिल ते जुलैचा मध्य हे जेमतेम १०५ दिवस होतात. म्हणजे २०२६-२७ या पूर्ण वर्षासाठी ते अनिवासी ठरतील आणि मे महिन्यात, ठाण्यात बसून, स्वतः दुय्यम निबंधकासमोर सही करून विकलेल्या घराचा त्यांचा हिस्साही अनिवासी व्यक्तीची विक्री मानला जाईल. १ एप्रिल २०२६ पासून आयकर कायदा, २०२५ लागू होत असला आणि 'कर वर्ष' हा शब्द येत असला, तरी या कसोट्यांचे सार तेच आहे.

तुमची स्वतःची गोष्ट वेगळी आहे आणि ती बहुतेकांच्या नजरेतून सुटते. १८२ दिवसांची सूट नोकरीसाठी जाणाऱ्या नागरिकाला आहे. तुम्ही त्यांच्यावर अवलंबून म्हणून व्हिसावर जात असाल, तर तुम्हाला मूळ नियम लागतो, तो म्हणजे वर्षात ६० दिवस आणि आधीच्या चार वर्षांत मिळून ३६५ दिवस भारतात वास्तव्य. तुम्ही दोन्ही पूर्ण करता. म्हणून जुलैत गेलात तरी त्या वर्षी तुम्ही निवासी आणि यजमान अनिवासी, असे एकाच घरात दोन दर्जे होतील. तुमच्या अर्ध्या हिश्शाला निर्देशांकाचा पर्याय मिळेल, त्यांच्या अर्ध्याला मिळणार नाही.

मात्र 'अर्धा हिस्सा' म्हणजे कागदावर नाव असणे नव्हे. घराच्या पैशांत तुमचा वाटा खरोखर किती होता, हे दाखवता आले पाहिजे. कर्जाचे हप्ते तुमच्या खात्यातून गेले असतील, तर ती जुनी पासबुके जपून ठेवा. नाव केवळ रीत म्हणून घातले असेल, तर सगळा नफा पैसे देणाऱ्याच्याच उत्पन्नात धरला जाईल.

तुमच्यापुढचा सरळ मार्ग म्हणजे ३१ मार्च २०२६ पूर्वी विक्री पूर्ण करणे, कारण चालू वर्षी तुम्ही दोघेही निःसंशय निवासी आहात. टोकन घेऊन पावती करणे म्हणजे विक्री पूर्ण होणे नव्हे. नोंदणीकृत करार आणि ताबा हे दोन्ही त्या तारखेच्या आत झाले पाहिजेत, आणि ग्राहक कर्ज काढणार असेल तर त्याच्या बँकेला लागणारे दिवस आजच मोजायला घ्या. नवी मुंबईतल्या वाचकांनी यात सिडकोच्या हस्तांतरण परवानगीचा वेळही धरावा.

कासारवडवली (धागाकर्ती)

सर, मनापासून आभार. 'दोन दर्जे' ही गोष्ट आम्हाला कोणीच सांगितली नव्हती. हप्ते २०१८ पर्यंत माझ्याही पगारातून गेले आहेत आणि त्याची पासबुके आहेत.

ग्राहकाला कर्ज काढायचे आहे, त्यामुळे मार्च साधेल याची खात्री नाही. मग यजमान ऑक्टोबरमध्ये गेले तर? १८२ दिवस पूर्ण होतील, तेही निवासी राहतील आणि घर सप्टेंबरपर्यंत निवांतपणे विकता येईल. त्यांचा इथला पगार वार्षिक २४ लाख आहे आणि तिकडचा ६०,००० पाउंड.

सेक्टर सतरा

हा विचार मनात येणे स्वाभाविक आहे, पण घराचा नफा आणि पगार एकाच कागदावर मांडल्याशिवाय तो मान्य करू नका.

ऑक्टोबरमध्ये जाऊन ते निवासी राहिले, तर त्यांचे जगभरातील उत्पन्न भारतात करपात्र होते. ऑक्टोबर ते मार्च हा सहा महिन्यांचा ब्रिटनमधील पगार ३०,००० पाउंड. सोयीसाठी पाउंड १२० रुपये धरू, म्हणजे ३६ लाख. त्यात इथले सहा महिन्यांचे १२ लाख मिळवून ४८ लाख, आणि ७५ हजारांची प्रमाणित वजावट काढून ४७ लाख २५ हजार. नव्या करप्रणालीत यावर उपकरासह १० लाख ३७ हजारांच्या आसपास कर येतो. ब्रिटनमध्ये १२,५७० पाउंडांची करमुक्त मर्यादा वगळून २० टक्क्यांनी ३,४८६ पाउंड, म्हणजे ४ लाख १८ हजार रुपये कर गेलेला असेल. दुहेरी करआकारणी टाळण्याच्या करारानुसार त्याची वजावट घेतली, तरी ६ लाख १९ हजार रुपये इथे भरायचे उरतात. जुलैत गेले असते तर इथल्या तीन-साडेतीन महिन्यांच्या पगारावरचा कर अगदी किरकोळ राहिला असता.

आणि ऑक्टोबरपर्यंत थांबून मिळवले काय? केवळ त्यांच्या अर्ध्या हिश्शावरचा निर्देशांकाचा लाभ, म्हणजे ३ लाख ३० हजार. दोन्ही देशांत निवासी ठरणाऱ्या व्यक्तीसाठी त्या करारात कायम घर, जिव्हाळ्याच्या संबंधांचे केंद्र अशा कसोट्या आहेत आणि त्यांच्या आधारे पगारावरील भारतीय करातून सूट मागता येते. पण तिथला कर-निवास दाखला, परदेशी मालमत्तेचे विवरण आणि पुढची उत्तरे हे सगळे त्यासोबत येते. मी तुमच्या जागी असतो तर मार्च साधण्यासाठी धडपडलो असतो, आणि नाहीच साधले तर जुलैत गेलो असतो.

जुलैच्या मार्गात यजमानांच्या हिश्शासाठी एक दार उघडे राहते. विक्रीपासून सहा महिन्यांच्या आत आरईसी, पीएफसी किंवा आयआरएफसी या सरकारी कंपन्यांच्या भांडवली नफा रोख्यांत ५० लाखांपर्यंत रक्कम गुंतवली, तर तेवढ्या नफ्यावर कर लागत नाही. ही सवलत अनिवासी व्यक्तीलाही आहे. त्यांचा नफा ३६ लाखांचा, म्हणजे तो पूर्ण मावतो. मात्र पैसा पाच वर्षे अडकतो आणि व्याजावर कर लागतो.

चरईची, सध्या ब्रिटनमध्ये

सरांनी रोख्यांचा उल्लेख केला म्हणून ब्रिटनची बाजू मांडते, कारण आमच्या बाबतीत नेमकी तीच बघायची राहून गेली होती.

ब्रिटनचे करवर्ष ६ एप्रिल ते ५ एप्रिल असते. तिथे निवासी झाल्यावर घर विकले तर तिथेही भांडवली नफा मोजला जातो आणि तो पाउंडांत मोजतात. खरेदीची किंमत त्या वेळच्या दराने आणि विक्रीची आजच्या दराने. समजा, तुम्ही पुढच्या ब्रिटिश करवर्षात घर विकले. २०१०-११ मध्ये पाउंड साधारण ७० रुपये होता. यजमानांच्या हिश्शाचे २४ लाख म्हणजे सुमारे ३४,३०० पाउंड आणि विक्रीचे ६० लाख म्हणजे १२० रुपयांच्या दराने ५०,००० पाउंड. रुपयांत अडीचपट झालेली किंमत पाउंडांत दीडपटही होत नाही. नफा साधारण १५,७०० पाउंड. त्यातून ३,००० पाउंडांची वार्षिक सूट वजा केली आणि त्यांच्या पगाराच्या पातळीला लागणारा २४ टक्के दर लावला, तर ३,०५० पाउंडांच्या आसपास कर होतो.

आता बघा. भारतात १२.५ टक्क्यांनी ४.५ लाख, म्हणजे ३,७५० पाउंड भरले असतील, तर त्याचे श्रेय, म्हणजे ब्रिटनच्या करातून तेवढी वजावट, मिळून ब्रिटनमध्ये काही भरावे लागत नाही. पण रोखे घेऊन भारतातला कर शून्यावर आणला, तर श्रेय घ्यायला काहीच उरत नाही आणि ३,०५० पाउंड ब्रिटनला द्यावे लागतात. ते रुपयांत साडेतीन लाखांच्या वर जातात. पाच वर्षे पैसा अडकवून हाती लाखभर रुपयेही लागत नाहीत.

६ एप्रिल २०२५ पासून आधीची दहा वर्षे ब्रिटनबाहेर राहिलेल्यांना पहिली चार वर्षे परदेशी उत्पन्न आणि नफ्यावर सूट मागता येते, हे तुम्हाला कोणीतरी सांगेलच. सूट खरी आहे. मात्र ज्या वर्षी ती घेतली, त्या वर्षी १२,५७० पाउंडांची करमुक्त मर्यादा सोडावी लागते. ६०,००० पाउंड पगारावर त्याची किंमत वर्षाला ५,०२८ पाउंड होते. ३,०५० वाचवण्यासाठी ५,०२८ गमावण्यात अर्थ नाही. ज्यांचा भारतातला नफा मोठा आहे, त्यांच्यासाठी हिशेब उलटा लागेल.

खारघर सेक्टर १२

करापेक्षा करकपातीने आम्हाला जास्त त्रास झाला, म्हणून लिहितो. आम्ही परदेशात असताना २०२३ मध्ये खारघरचे घर विकले. निवासी विक्रेत्याच्या ५० लाख किंवा त्यावरील घरावर ग्राहकाने १ टक्का टीडीएस (रक्कम देतानाच कापून सरकारकडे भरायचा कर) कापायचा असतो, तोच नियम आमच्या ग्राहकाने लावला. मध्यस्थानेही तसेच सांगितले आणि आम्ही गप्प राहिलो, कारण हातात जास्त पैसे येत होते. विक्रेता अनिवासी असेल तर लागू दराने कपात करावी लागते आणि ती साधारणपणे नफ्यावर न करता विक्रीच्या पूर्ण रकमेवर केली जाते. वर्षभराने ग्राहकाला नोटीस आली, कमी कापलेली रक्कम व्याजासह भरायला सांगणारी. तो माझ्या भावाच्या घरी बेलापूरला आला, तेव्हा त्याच्या हातात त्या नोटिशीची घडी घालघालून विरलेली प्रत होती. त्याच्या पत्नीला नववा महिना लागला होता आणि नव्या घराचे हप्ते सुरू झाले होते. चूक त्याची एकट्याची नव्हती. आम्ही आमचा दर्जा करारनाम्यात स्पष्ट लिहिला असता, तर हे टळले असते.

आजच्या दराने तुमच्या यजमानांच्या ६० लाखांवर साडेसात लाख आणि वर अधिभार, उपकर कापले जातील, प्रत्यक्ष कर साडेचार लाखांचा असला तरीही. फरक विवरणपत्र भरल्यावर परत मिळतो, पण तोवर तो पैसा हाताशी नसतो. यावर उपाय म्हणजे कमी दराने कपात करण्याचे प्रमाणपत्र आयकर विभागाकडून विक्रीच्या आधी काढणे. तोवर थांबण्याची ग्राहकाची तयारी हवी, म्हणून ही गोष्ट बोलणीच्या पहिल्याच बैठकीत सांगावी.

कोपरीकर

मूळ प्रश्न ब्रिटनचा आहे, तरी अमेरिकेला जाणारे हा धागा वाचत असतील, त्यांच्यासाठी थोडक्यात. अमेरिकेच्या कर कायद्यात भारतीय म्युच्युअल फंड 'निष्क्रिय परदेशी गुंतवणूक कंपनी' या वर्गात मोडतात आणि त्यांच्यावरची करआकारणी अतिशय जाचक आहे. माझ्या बहिणीने कोपरीच्या घरातून सुरू केलेली तीन मासिक गुंतवणुकीची खाती तशीच ठेवली आणि दरवर्षी प्रत्येक फंडासाठी वेगळा अर्ज भरण्यात तिचे पैसे गेले. तिकडे कर-निवासी होण्यापूर्वी फंड विकणे बहुतेकांच्या हिताचे ठरते. समभाग फंडांवर वर्षाला १ लाख २५ हजारांपर्यंतचा दीर्घ मुदतीचा नफा करमुक्त आहे, त्यामुळे मार्च आणि एप्रिल अशा दोन टप्प्यांत विकल्यास ही मर्यादा दोनदा वापरता येते. पीपीएफचे व्याजही तिथे करमुक्त मानले जाईल असे गृहीत धरू नका. भारतातील खात्यांची एकत्रित शिल्लक वर्षात कधीही १०,००० डॉलरांच्या वर गेली, तर ती कळवणे बंधनकारक आहे.

नेरुळ पूर्व

कॅनडाचा नियम वेगळा आहे. तिथे निवासी होण्याच्या दिवशी तुमची परदेशातील मालमत्ता त्या दिवसाच्या बाजारभावाने विकत घेतली असे मानतात. आधी भारतात झालेल्या वाढीवर कॅनडा कर लावत नाही. म्हणून आम्ही नेरुळचे घर विकले नाही, नोंदणीकृत मूल्यांककाकडून त्या तारखेचा अहवाल मात्र करून ठेवला. ऑस्ट्रेलियातही कायमचे निवासी होणाऱ्यांसाठी असाच नियम आहे. ब्रिटन आणि अमेरिकेत अशी नवी सुरुवात मिळत नाही, म्हणून एका देशाचा अनुभव दुसऱ्या देशाला लावू नये.

निवृत्त बँककर्मी, पाचपाखाडी

फेमा, म्हणजे परकीय चलन व्यवस्थापन कायद्यातील दर्जा आयकरापेक्षा वेगळा ठरतो. नोकरीसाठी देश सोडला की बचत खाते एनआरओ (अनिवासी व्यक्तीचे भारतातील रुपयांतले खाते) करून घ्यावे लागते. घराचे पैसे निवासी असताना खात्यात आले तरी नंतर ते एनआरओमधून वर्षाला १० लाख डॉलरच्या मर्यादेत बाहेर नेता येतात, त्यासाठी कर भरल्याचे कागद आणि सनदी लेखापालाचा दाखला जपावा. जुने पीपीएफ खाते मुदतीपर्यंत चालू ठेवता येते, नवे उघडता येत नाही.

कासारवडवली (धागाकर्ती)

आपण सर्वांनी इतक्या आस्थेने लिहिलेत, त्याबद्दल कृतज्ञ आहे. काल रात्री यजमानांसोबत सगळे आकडे एका वहीत मांडले. ऑक्टोबरचा विचार आम्ही सोडून दिला आहे. यजमान जुलैच्या मध्यातच रुजू होतील.

घरासाठी मार्चचा प्रयत्न करायचे ठरले आहे. ग्राहकाला आज सकाळी घरी बोलावून आमची अडचण मोकळेपणाने सांगितली. ३१ मार्चपूर्वी नोंदणी आणि ताबा झाला तर आम्ही किमतीत दीड लाख कमी घेऊ, कारण त्यानंतरही यजमानांच्या हिश्शावरच्या करातले आमचे पावणेदोन लाखांहून अधिक वाचतात. त्यांच्या बँकेला हवे असलेले कागद, म्हणजे मागील करारनामा, सोसायटीचा ना-हरकत दाखला, भागपत्र आणि भोगवटा प्रमाणपत्राची प्रत, बुधवारपर्यंत देण्याचे कबूल केले आहे. भाडेकरूंनाही कळवले. त्यांच्या मुलाची दहावीची परीक्षा मार्चमध्ये आहे, म्हणून मला फार संकोच वाटत होता. त्यांनी परीक्षेनंतर आठवड्याभरात घर रिकामे करतो असे सांगितले आणि त्यांच्या हलवाहलवीचा खर्च आम्ही उचलणार आहोत.

मार्च हुकलाच तर घर जुलैपूर्वी विकायचे, माझ्या हिश्शाला निर्देशांकाचा पर्याय घ्यायचा, आणि यजमानांच्या हिश्शासाठी कमी कपातीच्या प्रमाणपत्राचा अर्ज एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात करायचा. खारघरच्या दादांनी लिहिलेले वाचल्यावर त्या परिस्थितीत करारनाम्यात यजमानांचा दर्जा स्पष्ट लिहायचा, हेही ठरले.

सेक्टर सतराच्या सरांना एकच प्रश्न उरला आहे. २०१३ मध्ये आम्ही स्वयंपाकघराचे ओटे आणि सगळी नळजोडणी बदलली होती, त्याची कंत्राटदाराची बिले आणि धनादेशाच्या नोंदी सापडल्या आहेत. हा सुधारणेचा खर्च खरेदी किमतीत धरता येईल का, आणि त्याला २०१३-१४ चा २२० हा निर्देशांक लावायचा का? कृपया सांगावे, म्हणजे सोमवारी सीएकडे जाताना ती बिलेही सोबत नेते.